दीडशे बैलगाड्यांना एकदम बोलावणं

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. नंतर माझ्या तोंडावर हसलात तर चहा परत घेईन. एका खोलीत, खिडकीकडे पाठ करून, आरामात बसल्या बसल्या दीडशे बैलगाड्या एकदम अंगावर बोलावून घेतलेली बाई तुमच्या ओळखीत दुसरी कोणी आहे का? नसणारच. मी बोलावल्या होत्या. नऊ मिनिटांत.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. मी तेव्हा नाशिकला, सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत एका पत्र्याच्या शेडमध्ये नोकरी करत होते. बाहेर कंपनीची भलीमोठी पाटी, आत आम्ही चार माणसं. मालक बेंडाळे सर. बंगलोरला दहा वर्षं काढून परत आलेले, कमी बोलणारे, आणि जे बोलतील ते कायम बरोबर निघणारे. असा साहेब फार वाईट. कारखान्यांना लागणारी छोटी नियंत्रणाची यंत्रं आम्ही बनवायचो. संगणक म्हटलं की तेव्हा लोकांना भिंतभर कपाटं आठवायची. आमचा संगणक पोळपाटाएवढा होता, म्हणून कोणी त्याला संगणक मानायला तयार नसे.

मी पगारे. वडील शाळेत क्लार्क. कॉलनीतली पहिली इंजिनियर मुलगी म्हणून विहारात माझा सत्कार झाला होता. तिथे एक काका भाषणात म्हणाले, ही आपली मुलगी यंत्रांना बुद्धी देते. लोक भाषणात काहीही बोलतात हो, पण मला ते पटलं होतं.

तर आमचं एक यंत्र जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात बसवलेलं होतं. नाव विचारू नका, तालुकाही विचारू नका. गळिताच्या हंगामात तिथे उसाच्या बैलगाड्यांची रांग लागायची. प्रत्येक गाडीचं आधी काट्यावर वजन, मग ती गव्हाणीवर, म्हणजे जिथून ऊस कारखान्याच्या पोटात जातो तिथे. कोणाची गाडी आधी यावरून रोज भांडणं. म्हणून आमचं यंत्र. फाटकावर गाडीवानाला नंबराची चिठ्ठी मिळायची आणि तोच नंबर यंत्रात जायचा. काट्यावर दिव्यांची मोठी पाटी होती. तिच्यावर नंबर उजळायचा, घंटा वाजायची, त्या नंबराची गाडी काट्यावर चढायची. वजन झालं की काट्यावरच्या सोनवणे भाऊसाहेबांनी एक हिरवं बटण दाबायचं. बटण दाबलं की यंत्राला 'झालं' असा निरोप मिळायचा आणि पाटीवर पुढचा नंबर.

आता भाऊसाहेबांनी बटणच दाबलं नाही तर?

तर यंत्र थांबून राहायचं. निरोप येईपर्यंत थांब, असंच त्याला शिकवलेलं. एक दिवस भाऊसाहेबांनी वजन केलं, तंबाखू मळली, आणि तंबाखूच्या नादात बटण न दाबताच जेवायला घरी गेले. पाटीवर बासष्ट नंबर. त्रेसष्ट नंबरचा गाडीवान पाटीकडे बघतोय, पाटी त्याच्याकडे बघतेय. दोन तास. तिकडे गव्हाण रिकामी, आणि कारखान्याचा आमच्या सरांना फोन की तुमचं यंत्र मेलं.

यंत्र मेलं नव्हतं, भाऊसाहेबांची वाट बघत होतं.

सरांनी मला बोलावलं. म्हणाले, "पगारे, निरोपाची वाट किती वेळ बघायची याला मर्यादा घाल. टाइमआउट. वेळ संपली की यंत्राने पुढे जायचं. आणि हे वरवर नको, कर्नलमध्ये घाल."

कर्नल म्हणजे काय ते इथेच सांगून टाकते, कारण हे त्या दिवशी वेळेवर सांगितलं असतं तर माझी अर्धी फजिती वाचली असती. यंत्रातल्या सगळ्या प्रोग्रामांच्या वर एक मुख्य प्रोग्राम असतो. कोणी कधी चालायचं, कोणी थांबायचं, कोणाचा निरोप कोणाला द्यायचा, हे सगळं तो ठरवतो. त्याला म्हणतात कर्नल. इंग्रजी स्पेलिंग वेगळं आहे, पण तोंडाने म्हणताना अगदी लष्करातल्या कर्नलसारखंच.

आमचा कर्नल सरांनी स्वतः लिहिला होता. त्यात हात घालायला मिळणं म्हणजे केवढा मान. मी तीन आठवडे खपले. जेवताना तेच, बसमध्ये तेच. शेवटी जमलं. निरोप मागताना सोबत एक आकडा द्यायचा, तेवढा वेळ यंत्र वाट बघणार. वेळ मोजायला यंत्राचं स्वतःचं घड्याळ, ते सेकंदाला पन्नास टिक करायचं. म्हणून तो आकडा टिकमध्ये द्यायचा. हे मी माहितीपत्रकात लिहिलं, खाली लाल शाईने रेघ मारली. पुढे कोणी मूर्ख माणूस सेकंदांचा आकडा घालायला नको, म्हणून.

मग मी काट्याचा प्रोग्राम उघडला. भाऊसाहेबांना तीन मिनिटं द्यायची ठरली होती. तीन मिनिटं म्हणजे एकशे ऐंशी सेकंद. मी आकडा घातला, एकशे ऐंशी.

तुमच्या लक्षात आलं ना? मला नाही आलं.

आणि मी तपासलं नाही असं समजू नका. व्यवस्थित तपासलं. टेबलावर यंत्र मांडलं, दोन नंबर आत घातले. पाटीवर एक आला. मी बटण न दाबता उठले, चहा करून आणला, परत येऊन बघते तर पाटीवर दोन. वा. वेळ संपल्यावर यंत्र पुढे गेलं की नाही? गेलं. मी शांतपणे चहा प्यायले. ते कधी गेलं हे काही मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी एसटीने निघाले. नवा कर्नल आणि काट्याचा प्रोग्राम भरलेली चिप काळ्या स्पंजमध्ये खोचून जेवणाच्या डब्याच्या वरच्या कप्प्यात ठेवली होती. हाताच्या पिशवीत ठेवली तर गर्दीत तिचे पाय वाकायचे.

कारखान्यावर शेतकी अधिकारी पाटील साहेब स्वतः हजर. गाड्यांच्या रांगेची जबाबदारी त्यांची. त्यांचा आवाज असा की साधं 'या, बसा' म्हणाले तरी माणसाला आपलं काहीतरी चुकलंय असं वाटावं. बाहेर गाडीतळावर दीडशे गाड्या उभ्या होत्या. मी काट्यामागच्या खोलीत जाऊन जुनी चिप काढली, नवी बसवली. फाटकावरच्या कारकुनाने सगळे नंबर पुन्हा आत घातले. मी चालू केलं आणि पाटील साहेबांसमोर, खिडकीकडे पाठ करून, खुर्चीत बसले.

घंटा वाजली. नंबर एक.

पाटील साहेबांनी चहा मागवला. घंटा वाजली. मी त्यांना सांगू लागले की आता हे यंत्र माणसाच्या चुकीवर अवलंबून राहणार नाही. घंटा वाजली. ते म्हणाले, फारच उत्तम. घंटा वाजली.

मला वाटलं, काय झपाट्याने काम चाललंय.

दोन-अडीच मिनिटांनी सोनवणे भाऊसाहेब दारात आले. सज्जन माणूस, मागच्या प्रकारामुळे थोडा दबून होता. हळूच म्हणाले, "ताई, नंबर पळून राहिले."

"पळतायत तर चांगलंच आहे की, भाऊसाहेब."

"हो, पण बैल नाही ना पळत."

मी पाटील साहेबांकडे बघून हसले. आणि जे वाक्य आजही आठवलं की मी उशीत तोंड खुपसते, ते बोलले. "यंत्र बरोबर आहे, भाऊसाहेब. तुमचे बैलच हळू आहेत."

भाऊसाहेबांनी माझ्या मागच्या खिडकीकडे बोट केलं.

काट्याच्या तोंडाशी चाळीसेक गाड्या एकमेकींत घुसलेल्या. कोणाचं जू कोणाच्या चाकात, कोणाचा बैल दुसऱ्याच्या गाडीतला ऊस निवांत खातोय. पाटीवर दर साडेतीन सेकंदाला नवा नंबर, आणि ज्याचा नंबर उजळेल तो चाबूक उगारून मुसंडी मारतोय. पहिल्या नंबराची गाडी अजून काट्यावर चढतच होती. सटाण्याकडचा एक गाडीवान काट्याच्या खिडकीशी चिठ्ठी नाचवत होता. "मना सात नंबर शे, भाऊ. पाटीवर तर पंचेचाळीस शे. मी कवा जाऊ?"

पाटील साहेब उठून उभे राहिले. "मॅडम, हे काय आहे?"

आता खरं तर मला कळलेलं नव्हतं. पण एवढं नक्की वाटत होतं की चूक माझी नाही. सत्कार झालेली मुलगी मी. मग उरलं कोण? सरांनी लिहिलेला तो जुना प्रोग्राम. मी म्हणाले, "साहेब, कर्नलची काहीतरी गडबड दिसतेय."

"कर्नल? कोण कर्नल?"

"आमच्या सरांचा. मूळचा सातपूरचाच."

"त्याचा इथे काय संबंध?"

"सगळा त्याचाच संबंध, साहेब. कोणाला थांबवायचं, कोणाला पुढे सोडायचं, तोच ठरवतो."

"माझ्या गाडीतळावर? कोणाच्या परवानगीने?"

मी मनात कुठली ओळ चुकली असेल ते शोधत होते. बेसावधपणे म्हणाले, "त्याला परवानगी लागत नाही. सगळ्यांच्या वर तोच असतो."

पाटील साहेबांचा चेहरा बदलला. त्यांच्या वर बरेच लोक होते, पण हा कोणी नवीनच निघाला. "थांबवा त्याला."

"आधी तो खूप थांबायचा, साहेब. मीच त्याला सांगितलं की जास्त वेळ थांबायचं नाही."

"तुम्ही सांगितलं? आणि त्याने ऐकलं?"

"ऐकावंच लागतं. आता मध्येच बंद केला तर सगळे नंबर पुसले जातील."

देवळालीची छावणी इतकी जवळ. आमच्या भागात कर्नल म्हटल्यावर माणसाच्या डोळ्यांसमोर मिशा आणि जीपच येणार. पाटील साहेबांनी टोपी नीट केली, पत्र्याचा कर्णा उचलला आणि बाहेर गेले. ते काय बोलले ते मी आतून ऐकलं.

"गाडीवानांनी शांत राहावं. नंबरांचा घोटाळा मिल्ट्रीच्या कर्नलसाहेबांकडून झालेला आहे. त्यांच्याशी बोलणी चालू आहेत. तोपर्यंत कोणीही बैल सोडायचे नाहीत."

आता तुम्ही मला सांगा. तुम्ही गाडीवान आहात, पहाटेपासून उभे आहात, आणि तुम्हाला तीन शब्द ऐकू येतात. मिल्ट्री, कर्नल, बैल. तुम्ही काय समजाल?

पुढच्या ओळीतून मागच्या ओळीत बातमी गेली की मिल्ट्रीचा साहेब येतोय. तिथून मागे गेली की तो बैल बघायला येतोय. फाटकापाशी पोचेपर्यंत तोफा ओढायला बैल नेणार आहेत, आणि म्हणूनच सगळ्या गाड्या एकदम पुढे बोलावल्या, असं ठरलं होतं. मला तर ते ऐकून क्षणभर पटलं, इतकं ते आमच्या यंत्रापेक्षा सुसंगत होतं.

दहा मिनिटांत गाडीतळावर गाड्या होत्या आणि बैल नव्हते. दीडशे गाड्या नाक जमिनीला टेकवून उभ्या, आणि बैल पलीकडच्या ओढ्यात, बाभळींच्या आड, लपवलेले. पाटीवर दीडशे नंबर आला, शेवटची घंटा वाजली, आणि यंत्र गप्प झालं. थोड्या वेळाने गव्हाणीचा आवाजही थांबला. कारखान्याचा आवाज थांबला की किती शांत वाटतं, सांगून कळणार नाही.

पाटील साहेब आत आले आणि सातपूरला फोन फिरवू लागले. मी प्रोग्रामचे छापील कागद काढले. पान तीन. 'निरोपाची वाट बघ, एकशे ऐंशी.' आणि माहितीपत्रकात, लाल रेघेवर, माझ्याच अक्षरात: 'वेळ टिकमध्ये द्यावा.' एकशे ऐंशी टिक. भागिले पन्नास. तीन पूर्णांक सहा सेकंद.

पुढे येणारा तो मूर्ख माणूस कोण, ते एकदाचं कळलं.

तेवढ्यात फोन लागला. तेव्हाचे फोन असे की पलीकडचं बोलणं खोलीभर ऐकू यायचं.

पाटील साहेब म्हणाले, "कर्नलना फोन द्या."

सर म्हणाले, "कर्नल इथे नाही. तुमच्याकडेच पाठवलाय सकाळी."

"इथे कोणीही आलेलं नाही."

"असं कसं? पगारेबरोबर पाठवलाय. जेवणाच्या डब्यातून."

पाटील साहेबांनी फोन कानापासून लांब धरला, त्याच्याकडे पाहिलं. मग टेबलावरच्या माझ्या डब्याकडे पाहिलं. "डब्यातून?"

"वरच्या कप्प्यात. खालच्यात तिची पोळीभाजी असते."

मी पुढे होऊन फोन घेतला. घ्यावाच लागला. "सर, कर्नल ठीक आहे. चूक माझी आहे. मी एकशे ऐंशी घातले. सेकंद समजून."

मग सर म्हणाले, "आकडा टिकमध्ये द्यायचा हे कोणी ठरवलं?"

"मीच, सर."

"जुनी चिप परत बसव. आणि बाहेर जाऊन त्या लोकांना तू स्वतः सांग."

पाटील साहेब सगळं ऐकत होते. त्यांना मी नवी चिप काढून दाखवली, नखभर लांबीची, आणि म्हटलं, हाच तो. त्यांनी ती तळहातावर घेतली, उलटसुलट करून पाहिली. "आणि मी ह्याच्याशी बोलणी करतोय म्हणून दीडशे माणसांना सांगून आलो?" मी म्हटलं, हो साहेब. मला वाटलं आता ओरडणार. ते खाली बसले आणि गार झालेला चहा प्यायले. बहुतेक आपल्याला नोकरीला किती वर्षं उरलीत ते मोजत असावेत.

मी ओढ्यावर गेले. पायात चांगली सँडल, काठावर चिखल. पहिल्याच बाभळीखाली हौसाबाई बसली होती. कळवणकडची, नवऱ्याबरोबर ऊसतोडीला आलेली. दोन्ही बैलांचे कासरे हाताला गुंडाळून बसली होती, कोणालाही सोडवता येऊ नयेत असे.

"मावशी, मिल्ट्री वगैरे काही नाही. नंबर मी चुकवले."

तिने मला खालपासून वर पाहिलं. "तू?"

"हो."

"तू येकटीनं?"

"एकटीनेच."

"आन् कर्नल?"

"कर्नल असं कोणी नाही. म्हणजे आहे, पण तो माणूस नाही. त्याची काही चूक नाही."

ती उठली. कासरे सोडवत मागे वळून ओरडली, "चला रे समदे. मिल्ट्री नाय. ही पोरगी हाय नुसती."

माझ्या सगळ्या शिक्षणाचा असा नेमका गोषवारा कोणी काढला नव्हता.

बैल परत आले. आता नंबर पुन्हा कसे लावायचे, चिठ्ठ्या तर अर्ध्या चिखलात. मी कागद-पेन घेऊन पुढे झाले तर हौसाबाई म्हणाली, "तू नको. तू तिकडं हुबी ऱ्हा." गाडीवानांनी आपली आपण रांग लावली. मी कोणाच्या मागे होतो, माझ्या मागे कोणाचा तांबडा बैल होता, सगळं पाठ. वीस मिनिटांत दीडशे गाड्या जागेवर. एक भांडण झालं, तेही सासऱ्या-जावयाचं, आणि ते जुनंच होतं म्हणे. दुपारी गव्हाण सुरू झाली. जुनी चिप बसवलेली असल्यामुळे दिवस मावळेपर्यंत मी भाऊसाहेबांशेजारी स्टुलावर बसून प्रत्येक वजनानंतर म्हणत होते, "बटण." ते म्हणायचे, "दाबलं, ताई." पाटील साहेब अधूनमधून येऊन दोघांकडेही बघून जायचे.

आठवड्याने मी आकडा नऊ हजार करून नवी चिप नेली. या वेळी आधी टेबलावर घड्याळ समोर धरून तपासलं. चहा न पिता. बरोबर तीन मिनिटं. आणि हुशारी म्हणून यंत्रात एक मोजणीही घातली, की टाइमआउटची वेळ किती वेळा आली, म्हणजे माझ्या कामाचा कारखान्याला किती उपयोग झाला, हे हंगामाअखेर सरांना दाखवता यावं.

हंगाम संपल्यावर गेले, मोजणी पाहिली. शून्य. पुन्हा पाहिली. शून्यच. मला वाटलं मोजणीतही काही घोळ केला की काय.

"भाऊसाहेब, अख्ख्या हंगामात एकदाही बटण दाबायला विसरला नाहीत?"

"कसा विसरेन, ताई? काट्यावरून उठतच नाही मी. जेवण इथेच मागवतो. तीन मिनिटं झाली की हे यंत्र काय करेल, सांगता येतं का?"

सातपूरला परत आले. सरांनी विचारलं, टाइमआउट कसा चाललाय? तीन आठवडे खपून केलेलं माझं काम हयातीत फक्त एकदाच चाललं होतं. नऊ मिनिटं. बाकी सगळा वेळ कारखाना चालला तो भाऊसाहेबांना बसलेल्या माझ्या भीतीवर.